खुर्चीतलं हजाराचं नाणं

शिवण निघेना. मावशीनं ब्लेडचं अर्धं पान दोन बोटांत धरून रेक्झिनच्या कडेला खुपसलं, तरी जुना दोरा हटायला तयार नव्हता.

"फाड की सरळ," पलंगावरून एक्स्चेंजबाई म्हणाल्या. "बसलं की काहीतरी टोचतंय. माझी हाडं आधीच माझ्याविरुद्ध उठलीत, त्यात ही खुर्चीपण त्यांना सामील झाली."

"फाडलं तर परत शिवायचं कोणी? तुम्ही?"

"तू शिव, मी चुका काढीन."

मावशी हसली आणि पुन्हा ब्लेड चालवू लागली. ती कोणाचीच मावशी नव्हती. आजारी माणसं सांभाळायला जी बाई घरात येते तिला सगळे मावशी म्हणतात, म्हणून तीही मावशी. आणि एक्स्चेंजबाईंचा सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून लोकांच्या तारा जोडण्यात गेला होता, म्हणून त्या एक्स्चेंजबाई. नंतर एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, बाई निवृत्त झाल्या, आणि पुढे त्यांच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला. आता त्या तळमजल्यावरच्या घरात एकट्याच राहत. मागच्याच आठवड्यात त्यांच्यासाठी सर्जिकलच्या दुकानातून ही चाकाची खुर्ची भाड्यानं आली होती.

खुर्ची दारातून आत आली त्याच क्षणी मावशीनं ती ओळखली होती. डाव्या हातावर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि ती तिनंच गुंडाळली होती. अप्पांचं कोपर तिथं घासून सोलवटायचं म्हणून. पण ती काही बोलली नव्हती. त्या घराचं नाव पुन्हा तोंडात घ्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

दोरा एकदाचा तुटला. मग सगळी शिवणच भराभर उसवत गेली. आतला फोम पिवळा पडून भुसभुशीत झाला होता आणि मागच्या कोपऱ्यात, शिवण आधीपासूनच बोटभर उसवलेली होती तिथं, उंदरानं पोखरावं तसा पोखरलेला होता. मावशीनं त्यात बोटं घातली. पहिल्यांदा शर्टाची दोन बटणं निघाली. मग गोळ्या. थुंकीनं ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या, वाळून खडा झालेल्या पांढऱ्या गोळ्या. मग चहाचा चमचा. मग कानाचं मशीन, त्याच्या वायरीसकट. आणि सगळ्यांत शेवटी एक जड, गार, काळपट चकती तिच्या तळहातावर येऊन बसली.

तिनं ती पदराच्या टोकानं पुसली. एका बाजूला कमानींचा लांबलचक पूल. दुसऱ्या बाजूला एकावर तीन शून्यं.

मावशी होती तिथंच फरशीवर बसली.

"काय गं? काय निघालं?"

तिनं हात वर करून दाखवलं. बाईंनी चष्मा सारखा केला. "हजाराचं नाणं? असं असतं? आणि सुट्टे कोण देतं याचे?"

"हे खर्चायचं नसतं," मावशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "चांदीचं आहे. हौशी लोक मागवून घेतात. निळ्या मखमलीच्या डबीत येतं. अप्पांनी उमेदीत ज्या पुलावर काम केलं ना, त्या पुलाला पन्नास वर्षं झाली तेव्हा काढलं होतं."

"कोण अप्पा?"

मग मावशीला सगळं सांगावंच लागलं.

अप्पा म्हणजे तिचे आधीचे पेशंट. पूल बांधणारा माणूस. ती त्यांच्याकडे लागली तेव्हा पूल सोडून बाकी सगळं त्यांच्या डोक्यातून निसटत चाललं होतं. मुलाला ते साहेब म्हणायचे आणि सुनेला कधी आई, कधी सिस्टर. वस्तू हरवायच्या. चष्मा, चपला, कानाचं मशीन. कुठं गेलं विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं, "ती घेऊन गेली." ती म्हणजे त्यांची वारलेली बायको. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे त्यावर हसायचे. पण एक दिवस कपाटातली निळी डबी रिकामी सापडली. मुलानं विचारलं, "अप्पा, नाणं कुठंय?" अप्पा म्हणाले, "ती घेऊन गेली." त्या दिवशी कोणी हसलं नाही. सगळ्यांनी वळून मावशीकडे बघितलं.

"मी सांगत होते, अप्पा ते हातात घेऊन बसतात, अंगठ्यानं घासत राहतात, कुठंतरी पडलं असेल. कपाटाला कुलूप होतं, म्हणाले. किल्ली अप्पांच्या उशाखाली असायची, ते कोणी बोललं नाही. सुनेनं माझी बॅग जिन्यात नेऊन उपडी केली. घरात नाही, बाहेर जिन्यात. वरखालच्या मजल्यावरचे लोक दारात आले होते. माझा डबा उघडून बघितला. भाजीत चमचा फिरवून बघितला."

एक्स्चेंजबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मग ज्या ब्युरोनं मला तिथं कामाला लावलं होतं, त्या ब्युरोला त्यांनी फोन केला. ब्युरोच्या मॅडमनी मला काढलं आणि जिथं जिथं मी काम केलं होतं त्या घरांनाही कळवलं. दोन वर्षं बाटल्या धुतल्या मी कारखान्यात. हात असे झाले होते की माणसाला लावायची लाज वाटायची. मग तुम्ही ब्युरोला न विचारता ठेवून घेतलंत."

"आणि आता ते तुलाच सापडलं," बाई सावकाश म्हणाल्या.

"मलाच सापडलं."

दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं. हे दुसऱ्या कोणाला सापडतं तर मावशी सुटली असती. पण ज्या हातानं चोरलं असं सगळे म्हणत होते, नेमकं त्याच हातात ते आलं होतं.

संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. घर म्हणजे धाकट्या भावाचं. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की चपलेचं डावं-उजवं त्याला कळत नव्हतं. मावशीनंच त्याला वाढवलं, शिकवलं, गॅरेजात गाड्या रंगवायच्या कामाला लावून दिलं. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली तेव्हा भावानं एका शब्दानं कारण विचारलं नाही, आतली खोली तिला दिली. तो चांगलाच होता. आणि चांगला होता म्हणूनच त्या वेळी त्याचं बोलणं तिला इतकं लागलं होतं. बॅग उपडी झाली त्या रात्री तो तिच्याजवळ बसून हळूच म्हणाला होता, "ताई, घेतलं असशील तर मला सांग. मी नेऊन ठेवतो. कोणाला कळायचं नाही."

आता त्यानं नाणं दिव्याखाली धरून उलटसुलट केलं.

"ताई, माझं ऐक. नेऊ नकोस तिकडं. ते काय म्हणणार माहितीये? बघा, शेवटी आणून दिलं. म्हणजे ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री होईल."

"मग काय करू?"

"विकून टाक. नाहीतर फेक नदीत. लोक विसरलेत आता. कशाला मेलेलं मढं उकरायचं?"

"मढं कुठं, मी जिवंत आहे अजून," मावशी म्हणाली. "आणि विकलं तर मग मी खरंच चोर झाले की."

भावजय ताटं मांडत होती, ती म्हणाली, "पण ताई, इतका त्रास दिला त्यांनी. तुमचा हक्कच आहे त्याच्यावर."

"माझा हक्क आहे. पण नाण्यावर नाही."

भावानं नाणं खाली ठेवलं आणि जेवायला बसला. त्याच्या चेहऱ्यावर मावशीला एक जुनी गोष्ट पुन्हा दिसली. तो तिच्या डोळ्यांत बघायचं टाळत होता. नाणं खरोखरच गादीत सापडलं का, हे त्यानं विचारलं नव्हतं. कसं सापडलं हेही नाही. पुढं काय करायचं एवढंच तो बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक्स्चेंजबाईंना म्हणाली, "मला आज दुपारी तासभर सुट्टी हवी. जाऊन येते तिकडं."

"एकटी?"

"मग कोण येणार?"

"वेडी आहेस का? खुर्ची नेल्याशिवाय तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल? आणि तू खुर्ची नेलीस तर मी बसू कुठं? तेव्हा मला येणं भाग आहे." बाईंनी उशीखालून कंगवा काढला. "केस नीट बांधून दे. आणि तो राखाडी कोट काढ. साक्षीला जायचं तर गाऊनवर नाही जायचं."

दुपारी दोघी निघाल्या. उसवलेली गादी मावशीनं मोठ्या टाक्यांनी तात्पुरती शिवली होती. आतलं सगळं सामान एका टॉवेलात बांधून बाईंच्या मांडीवर दिलं होतं, बटणं आणि गोळ्यांसकट. पदपथ जागोजागी खणलेला होता. एका ठिकाणी खुर्ची पाठमोरी फिरवून, मागच्या चाकांवर ओढत पायरी चढवावी लागली.

"तुझ्या त्या अप्पांना अशीच न्यायचीस?"

"रोज संध्याकाळी. नदीपर्यंत. त्यांचा पूल बघायला."

"आणि मुलगा?"

"मुलाला वेळ नसायचा. वाईट माणूस नाही तो."

"वाईट माणसं फार थोडी असतात," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं ऐकत होते मी त्यांना तारेवर. सगळी चांगलीच माणसं. फक्त फोन ठेवायची घाई फार."

इमारतीचा रखवालदार तोच होता. त्यानं मावशीला ओळखलं आणि उगाचच वहीत डोकं घातलं. लिफ्टमध्ये खुर्ची कशीबशी मावली. त्याच मजल्यावर, त्याच जिन्यासमोर लिफ्टचं दार उघडलं. मावशीनं खुर्ची बाहेर काढली आणि घराची बेल दाबली.

दारात सून होती. तिचे केस पुष्कळ पांढरे झाले होते. मावशीला बघून ती क्षणभर नुसती उभी राहिली.

"मावशी?"

"तुमचं नाणं सापडलं, मॅडम. आत येऊ का?"

मुलगाही घरीच होता. तो पेपर बाजूला ठेवून उठला, बसा म्हणाला. मावशी म्हणाली, मी उभीच बरी. समोरच्या काचेच्या टेबलावर तिनं टॉवेल सोडला. बटणं, गोळ्या, चमचा, कानाचं मशीन. आणि मधोमध नाणं.

"या खुर्चीच्या गादीत निघालं. अप्पांचीच खुर्ची आहे ही. अप्पा गेल्यावर तुम्ही दुकानाला विकलीत, दुकानानं या बाईंना भाड्यानं दिली. ही निळी पट्टी बघा, तुमच्यादेखत लावली होती मी."

मुलानं नाणं उचललं. बराच वेळ बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार, थोडं थकलेलं हसू आलं, आणि भाऊ जे म्हणाला होता तेच तो वेगळ्या शब्दांत म्हणाला.

"मावशी, आणून दिलंत हेच खूप झालं. माणसाला कधी ना कधी वाटतंच. आमच्या मनात आता काही नाही. झालं गेलं सोडून देऊ."

"काय वाटतं माणसाला?"

"म्हणजे… परत द्यावंसं."

"परत द्यायला आधी घ्यावं लागतं, साहेब. मी घेतलं नव्हतं."

"बरं, तसं समजू."

"समजू नका. तसंच आहे."

मुलाचा आवाज किंचित चढला. "मग तुम्ही सांगा. वर्षभर ती खुर्ची तुम्हीच पुसत होतात. तुमच्या हाताला कधी लागलं नाही?"

"मी बाहेरून पुसायचे. गादी शिवलेली होती, आतून कोण पुसतं? आणि तुम्ही उचलून ती विकलीत, तेव्हा तुमच्या हाताला तरी कुठं लागलं?"

"माझ्या बुडाखालून निघालंय ते," एक्स्चेंजबाई मध्येच म्हणाल्या. "माझ्यासमोर. याहून जवळचा साक्षीदार तुम्हाला मिळायचा नाही."

"तुम्ही त्यांच्या पेशंट, आजी. तुम्ही त्यांच्या बाजूनंच बोलणार."

"मी कोणाच्या बाजूची नाही. मी आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकल्या आहेत."

एवढ्या वेळात सून टेबलापाशी खाली बसली होती. तिनं नाण्याला हात लावला नव्हता. ती चिकटलेल्या गोळ्या बोटानं हलवून बघत होती. मग तिनं कानाचं मशीन उचललं आणि उलटं केलं. त्याच्या मागं तिनंच नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता, डावं-उजवं कळावं म्हणून.

"हे आपण नवीन आणलं," ती नवऱ्याला म्हणाली. "तेव्हा अप्पांना केवढं बोलले होते मी. आणि या गोळ्या… डॉक्टर विचारत होते, गोळ्या लागू का पडत नाहीत." तिनं मशीन टेबलावर ठेवलं. "कोणी चोरायचं म्हणून थुंकलेल्या गोळ्या जपून ठेवत नाही. अप्पांनीच ठेवलंय सगळं."

मुलगा खुर्चीच्या डाव्या हाताकडे, त्या निळ्या पट्टीकडे बघत राहिला. मग त्यानं घसा साफ केला.

"सॉरी, मावशी. आमचा गैरसमज झाला. खरंच." त्यानं नाणं पुढं केलं. "हे तुम्हीच ठेवा. आमच्याकडून."

"नको."

"अहो, चांदीचं आहे. आता तर बाजारात याला…"

"ते माझं नाही, साहेब. म्हणून तर आणलं. मला दुसरं हवंय. ब्युरोला फोन लावा."

"आत्ता?"

"त्या दिवशी आत्ताच लावला होतात. मी जिन्यात बॅग भरत होते तेवढ्यात लावून झाला होता."

मुलानं बायकोकडे बघितलं, मग घड्याळाकडे. संध्याकाळी निवांतपणे करतो म्हणाला. मावशी जागची हलली नाही. तिनं खुर्चीचे ब्रेक लावले. त्याचा खटका खोलीत चांगलाच मोठा वाजला. एक्स्चेंजबाईंनी कोटाची बटणं काढायला घेतली, बराच वेळ बसायचं असल्यासारखं.

शेवटी त्यानं फोन लावला. मावशी म्हणाली, "आवाज मोठा ठेवा. मलाही ऐकू दे."

ब्युरोच्या मॅडमचा आवाज तसाच होता, घाईचा. मुलानं ओळख दिली. मग म्हणाला, "त्या आमच्या मावशी होत्या ना, त्यांच्याबाबतीत थोडा गैरसमज झाला होता…"

"गैरसमज नाही," मावशी म्हणाली. "तिनं चोरी केली नव्हती, असं म्हणा."

मुलगा अडखळला. हातानं फोन झाकून म्हणाला, "अर्थ तोच होतो ना."

"नाही होत. चोर म्हणताना गैरसमज म्हणाला नव्हतात. तेव्हा सरळ शब्द वापरलात. आताही सरळ वापरा."

फोनवरून हॅलो, हॅलो येत राहिलं. मुलाचा चेहरा लाल झाला होता, पण शब्द काही बाहेर येईना. तेवढ्यात सून उठली आणि तिनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"मी बोलतेय. त्यांनी चोरी केली नव्हती. नाणं खुर्चीच्या गादीत होतं, माझ्या सासऱ्यांनी लपवलेलं. मी लोकांसमोर त्यांची बॅग उपडी केली होती. माझं चुकलं. हे तुम्ही लिहून घ्या किंवा कोणाला सांगायचं त्याला सांगा."

पलीकडून मग मॅडम म्हणाल्या, "बरं झालं बाई मिटलं. मावशी आहेत का तिथं? मावशी, सोमवारपासून या ना. माणसंच मिळत नाहीत हल्ली."

"मला काम आहे," मावशी म्हणाली. "माझ्याबद्दल ज्या ज्या घरांना कळवलंत, त्यांना आता हेही कळवा. दोन दिवसांत मी स्वतः विचारीन त्यांना."

फोन बंद झाला. मावशीनं टॉवेल झटकून घडी केला. निघायचं होतं, पण एक गोष्ट तिला विचारायचीच होती.

"अप्पांना शेवटी पाठीला जखमा झाल्या होत्या का?"

सुनेनं मान खाली घातली. "झाल्या. तुम्ही गेल्यावर दोन-तीन जणी येऊन गेल्या. कोणी टिकलं नाही. मलाही एकटीला वळवता यायचं नाही त्यांना. कमरेपाशी… खूप झाल्या."

मावशीनं वर्षभर त्यांना दर दोन तासांनी कुशीवर केलं होतं. पावडर लावली होती, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू दिली नव्हती. माझ्या हाताखाली एकही जखम नाही, हे ती मनातल्या मनात अभिमानानं म्हणायची. आत येण्यापूर्वी तिला वाटलं होतं, यांच्यावर ओरडायला आपल्याला खूप काही सुचेल. आता काही सुचलं नाही.

"फार दुखतं ते," ती म्हणाली. एवढंच.

तिनं ब्रेक सोडले. नाणं काचेवर तसंच होतं, पुलाची बाजू वर.

परतीच्या रस्त्याला थोडा चढ होता. एक्स्चेंजबाई मग मान न वळवता म्हणाल्या, "रडायचं असेल तर रड. मी पुढं बघतेय."

"रडत नाही. चढ आहे. दम लागतो."

"मग हळू चल. कुठं गाडी गाठायची नाहीये." थोडं पुढं गेल्यावर त्या म्हणाल्या, "माझी मागची खोली रिकामीच आहे. रात्री उठायचं म्हटलं तर मला तासभर आधीपासून धीर गोळा करावा लागतो. तू राहिलीस तर बरं होईल. उपकार म्हणून नाही सांगत. मला गरज आहे."

"बघू," मावशी म्हणाली.

घरी पोचली तेव्हा भाऊ नुकताच आला होता, नखांत रंग तसाच होता. तिनं सगळं सांगितलं. फोनवर सून काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगितलं. भावजयीनं हातातलं काम टाकून ऐकलं आणि म्हणाली, "सुटलात ताई एकदाच्या."

भावाचा चेहरा उजळला. ओझं त्याच्याच डोक्यावरून उतरलं असावं तसा. "मला माहीत होतं, ताई. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, आमची ताई असं करायची नाही."

"तू असं म्हणाला नव्हतास."

त्यानं पिशवी खाली ठेवली.

"तू म्हणालास, घेतलं असशील तर सांग."

"ताई, ते मी तुझ्या भल्यासाठी…"

"माहितीये. भल्यासाठीच म्हणालास. म्हणून तर तुला उलटून बोलता आलं नाही मला. त्यांच्याशी भांडता आलं, तुझ्याशी नाही. कालसुद्धा तू विचारलं नाहीस, ताई, कसं सापडलं गं? विकून टाक म्हणालास."

भाऊ नखातला रंग खरवडत राहिला. लहानपणी काही चुकलं की तो असंच करायचा, आणि मावशी दरवेळी आपणहून त्याच्या पाठीवर हात ठेवायची. आजही हात उठला होता. तिनं तो परत घेतला.

दोन दिवस ती रोजच्यासारखीच कामावर गेली, आली, जेवली. ब्युरोनं कळवलं होतं त्यांतल्या चार घरी स्वतः जाऊन आली. दोन घरांनी चहा दिला. एकानं दार अर्धंच उघडलं, आणि एका घरचे लोक कधीच राहायला दुसरीकडे गेले होते. रविवारी सकाळी तिनं आतल्या खोलीतली पत्र्याची ट्रंक पुढं ओढली आणि कपडे भरायला घेतले.

भावजय दारात उभी राहून रडली. म्हणाली, आमचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या, पण जाऊ नका. मावशी तिला म्हणाली, "अगं, चार गल्ल्या पलीकडे तर चाललेय. भांडून नाही चालले. मला आता अशा ठिकाणी राहायचंय, जिथं मला कोणी चुकलेली समजून सांभाळून घेत नाही."

भाऊ पुढं झाला. "ट्रंक मी घेतो."

"राहू दे. मी माणसं उचलते रोज, ही तर ट्रंक."

त्यानं ऐकलं नाही, पण ती हिसकावलीही नाही. फक्त वाकून एका बाजूची कडी धरली. दुसरी तिच्या हातात होती. दोघं जिना उतरू लागले, तो खालच्या पायरीवर, ती वरच्या. वळणावर ट्रंक भिंतीला घासली तशी तो थांबला, तिनं आपली बाजू उचलून सरळ केली, आणि पुन्हा उतरू लागले. त्याच्या मानेवरचे केस विरळ झाले होते, हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

खाली रस्त्यावर रिक्षा उभी होती. ट्रंक आत सरकवून झाली तरी भावाचा हात कडीवरच होता. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

"आता सोड," मावशी म्हणाली.

त्यानं सोडलं.